कारण शोधा, मग पैसा खर्च करा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात वाहन समितीच्या वतीने केलेले भाषण)





१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या भूमीत भरलेल्या मेळाव्यात जुन्या मोटारगाडीवर भाषण कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्यांच्या नकाशातच आहे. गडचिरोलीच्या बहुतेक तालुक्यांत रेल्वे नाही. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे जंगल आणि नद्या ओलांडून जावे लागते. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळू लागली हे खरे. पण सिकलसेलचे दुखणे उठलेले पोर, बाळंतपणाला अडलेली बाई किंवा परीक्षेला निघालेले विद्यार्थी यांच्यासाठी आजही पुष्कळदा गावातली किंवा संस्थेची जुनी गाडीच धावते. ती मुल–सावलीच्या रस्त्यावर बंद पडली तर नुसती गाडी थांबत नाही, आतला माणूस थांबतो.

संस्थेचा पैसा म्हणजे मजुरी करणाऱ्यांनी दिलेली वर्गणी. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही आणि जुनी गाडी तर सतत पैसा मागते. अशा वेळी काय करावे? आमचे सांगणे एकच आहे. आधी कारण शोधा, मग पैसा खर्च करा.

ही शिकवण आपल्याला नवी नाही. चार आर्यसत्यांची मांडणी वैद्याच्या रीतीची आहे: दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण गेले की दुःख जाते आणि त्यासाठी मार्ग आहे. केसपुत्त येथील कालामांना भगवंतांनी सांगितले की, ऐकीव आहे किंवा मोठा माणूस म्हणतो एवढ्यावरून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दैवी चमत्कारावरील विश्वासाला अधम्म ठरवून प्रत्येक घटनेला कारण असते हेच ठसवले. बंपरला लिंबू-मिरची बांधून ब्रेक लागत नाही. तो ब्रेक ऑइलने लागतो.

आता एक उदाहरण सांगतो. २०११ च्या मे महिन्यात संस्थेची जुनी कार्बोरेटरची पेट्रोल व्हॅन फार गरम होऊ लागली. चंद्रपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. एका गॅरेजमध्ये दाखवली. झाकण उघडताच निदान झाले, “साहेब, हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावंच लागते.” आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे विचारले, “दादा, खोलाल तेव्हा खोला. पण गेलं हे कशावरून?” उत्तर मिळाले नाही. गाडी परत आणली आणि आम्ही चार गोष्टी तपासल्या.

पहिली, ऑइलची कांडी काढून पाहिली. पाणी मिसळले असते तर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले असते, तसे नव्हते. दुसरी, सायलेन्सर. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येत राहिली तर पाणी आत जळत असते, तसेही नव्हते. तिसरी, इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे झाकण काढून गाडी चालू केली. बुडबुडे आले नाहीत. (तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणीही उघडू नये. उकळते पाणी तोंडावर येते.) चौथी गोष्ट म्हणजे गाडी नेमकी केव्हा तापते? मोकळ्या रस्त्यावर काटा जागेवर राही, बाजारात उभी राहिली की वर चढे. हीच खूण महत्त्वाची ठरली. धावताना वारा रेडिएटर गार करतो, उभे असताना ते काम विजेच्या पंख्याचे. पंखा फिरतच नव्हता.

मग पंख्याला बॅटरीवरून थेट वीज दिली; तो फिरला. फ्यूज शाबूत होता. थर्मोस्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या आणि पंखा लगेच सुरू झाला. म्हणजे पंखा चांगला, तारा चांगल्या, स्विच मेलेला. एक लहानसा स्विच बदलला आणि इंजिन न खोलता गाडी बरी झाली. गॅरेजवाला लबाड होता असे आमचे म्हणणे नाही. न तपासता बोललेले निदान वर्गणीच्या पैशाला परवडत नाही, एवढेच सांगायचे आहे.

यातून आम्ही काही नियम केले.

पहिला नियम वहीचा. गाडीत एक वही असावी. तारीख, किलोमीटर, टाकलेले ऑइल-पाणी आणि तक्रार तीत लिहावी. तक्रार लिहिताना “गाडी बिघडली” एवढे पुरत नाही. गार असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, पावसात की उन्हात, हे लिहिले की अर्धे निदान झाले.

दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन भाग एकदम बदलले तर कोणता दोषी होता ते कधीच कळत नाही.

तिसरा नियम, आधी मोजावे. काही शे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ दाखवली तर ती निम्मी उतरली समजावी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे न दिसले तर दोष अल्टरनेटरचा, पट्ट्याचा किंवा जोडणीचा. नवी बॅटरी घेतली तरी तीही उतरेल. पुष्कळदा टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थरच सेल्फ मारू देत नाही. टर्मिनल सोडवून कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवावे, कोरडे करून घट्ट आवळावे आणि वर व्हॅसलीन लावावे.

चौथा नियम खर्चाच्या क्रमाचा. आधी ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग. मग रेडिएटर, होज आणि पट्टे. मग बॅटरी आणि वायरिंग. रंग आणि सीट कव्हर सर्वांत शेवटी. ब्रेकचे पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली गेले, ऑइल वारंवार कमी झाले किंवा चाकाची आतली बाजू ओली दिसली, तर गाडी जागेवरच उभी करावी. रात्री आपल्या रस्त्यांवर चितळ, रानडुक्कर केव्हा आडवे येईल सांगता येत नाही. ब्रेकमध्ये जुगाड चालत नाही. आणखी एक गोष्ट, बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. आत क्षार बसून नळ्या बुजतात. कूलंट आणि शुद्ध पाणीच वापरावे.

जुना भाग घ्यावा की नवा? विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक कथा आहे. कोसंबीच्या उदेन राजाने आनंदांना विचारले की, एवढ्या चीवरांचे तुम्ही काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरणे, त्यांतून गादीचे अभ्रे, मग जमिनीवरची अंथरणे, पायपुसणी, झाडणी आणि शेवटी चिंधी मातीत मळून जमीन सारवायची. वस्तूची योग्यता ओळखून तिला त्या कामाला लावणे, ही त्यांची काटकसर होती. तसेच भंगारातला दरवाजा, सीट, बंपर खुशाल घ्यावे. ब्रेकचे भाग, टायर, होज आणि टायमिंग बेल्ट मात्र नवेच.

विद्यार्थी मित्रहो, साधारण २०१० नंतरच्या पुष्कळ गाड्यांना संगणकी यंत्र लावून दोषाचा कोड वाचता येतो. पण कोड म्हणजे रुग्णाची तक्रार. एखाद्या सेन्सरचे नाव आले म्हणजे तो सेन्सरच मेला असे नाही. तुटलेली तार किंवा फुटलेली नळीही तोच कोड देते. यंत्र बदलले तरी तपासण्याची रीत बदलत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ही रीत अंगी बाणवली तर गावोगावी त्यांना काम आहे आणि मानही आहे.

शेवटी अनित्यतेचेही भान ठेवावे. खाजगी गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, पुढे दर ५ वर्षांनी. चेसिस गंजून पोखरली, ब्रेकच्या नळ्या सडल्या, तर मोहाने त्या गाडीत माणसे बसवू नयेत. तिला निरोप द्यावा. चालवण्याजोगी आहे तोवर मात्र तिची नीट निगा ठेवावी.

आमची नम्र विनंती अशी की, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास गाडीजवळ जमावे. दोन मोठ्यांनी तपासावे, चार विद्यार्थ्यांनी पाहावे, एकाने वहीत लिहावे. त्या अर्ध्या तासाला पैसा लागत नाही. पण कोणाला तरी रात्री दवाखान्यात वेळेवर पोहोचवण्याची तयारी त्यातच होते.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!