ग्रनविकच्या दारातल्या जयाबेन

1976 सालचा ऑगस्ट महिना. वायव्य लंडनमधल्या ग्रनविक कंपनीत टपालाने आलेले फोटोचे रोल धुऊन छापले जात. कामगारांत बहुतेक बायका, त्यातही पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती कुटुंबांतल्या कितीतरी. पगार तुटपुंजा, जादा कामाची सक्ती आणि शौचालयात जायचे तरी परवानगी मागायची. जयाबेन देसाई हे सोसायला तयार नव्हत्या. त्या काम सोडून बाहेर पडल्या, मुलालाही सोबत घेतले आणि संप सुरू झाला.

वृत्तपत्रांना कौतुक होते ते त्यांच्या साड्यांचे. आशियाई बाई म्हणजे मुकी आणि सोशिक, ही समजूत तिथे पक्की होती. माझ्या मते जयाबेनचे मोठेपण इथेच आहे: आपली ओळख त्यांनी दुसऱ्यांना ठरवू दिली नाही. त्यांच्या पाठिंब्यासाठी जवळच्या क्रिकलवूडच्या टपाल कामगारांनी कंपनीची पत्रे अडवली. जुलै 1977 मध्ये कारखान्याबाहेर हजारो लोक जमले. त्यात खाणकामगारही होते, स्त्रीमुक्तीवाल्या कार्यकर्त्याही. पुढे ब्रिटनमधल्या कामगार संघटनांच्या महासंघाने हात आखडता घेतला, तेव्हा जयाबेन आणि काही सहकारी त्याच्याच कचेरीसमोर उपोषणाला बसले. घरात आणि रस्त्यावर हक्क मागणाऱ्या पुढच्या पिढीतल्या आशियाई स्त्रियांसाठी वाट इथूनच रुंद झाली.

संप जुलै 1978 मध्ये संपला. कंपनीने संपकऱ्यांच्या कामगार संघटनेला मान्यता दिली नाही आणि संपकऱ्यांना कामावर परत घेतले नाही.