मेंदूतील दुर्मीळ गाठ : प्रतिमा आणि पुरावा



अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावरील एखाद्या घरात पहाटेची डोकेदुखी, वांत्या किंवा अचानक आलेली आकडी यांमागे क्वचित मेंदूतील गाठ निघते. अशा वेळी पहिली तपासणी प्रतिमेची होय. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी स्कॅन झाले. आज एमआरआय गाठीचे स्थान, आकार आणि भोवतालची सूज त्याहून स्पष्ट दाखवितो.

परंतु कापडाचा रंग दुरून दिसला, तरी सूत कोणते हे धागा तपासल्यावाचून कळत नाही. क्षयाची गाठही एमआरआयवर कर्करोगासारखी दिसू शकते. एकीला क्षयाची औषधे, दुसरीला शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. नाव चुकले की उपचारही चुकतात.

'सेंट्रल न्यूरोसायटोमा' ही अशीच एक दुर्मीळ गाठ. तिचे स्वतंत्र वर्णन १९८२ मध्ये झाले. ती बहुधा तरुणांच्या मेंदूतील द्रवाच्या पोकळीत वाढते. सूक्ष्मदर्शकाखाली ती 'ऑलिगोडेंड्रोग्लिओमा' या निराळ्या गाठीसारखी भासते. मग विशेष परीक्षा कराव्या लागतात. न्यूरोसायटोमाच्या पेशींत सिनॅप्टोफायसिन हे प्रथिन आढळते. ऑलिगोडेंड्रोग्लिओमात आयडीएच जनुकातील बदल, तसेच १ आणि १९ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे ठरावीक भाग गळालेले दिसतात. पहिली गाठ पूर्ण निघाल्यास अनेकदा शस्त्रक्रियाच पुरेशी ठरते. दुसरीला पुष्कळदा किरणे आणि औषधेही लागतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून गाठीच्या नामकरणात जनुकीय परीक्षांनाही स्थान दिले.

शस्त्रक्रियेनंतर नातेवाईक फिल्म आणि अहवाल जिवापाड जपतात. परंतु काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेला ब्लॉक प्रयोगशाळेतच राहतो. तो आणि काचपट्ट्या रीतसर मागून घेता येतात. मुंबईत परळ येथे १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे, तर रायगड जिल्ह्यातच खारघर येथे त्याच केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संस्था आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेताना केवळ कागद नेऊन भागत नाही. अहवाल हे एका तज्ज्ञाचे मत आहे, ब्लॉक हा मूळ पुरावा आहे. पावती जपणाऱ्या घरांनी नमुनाही जपावा, एवढीच नम्र विनंती.