पाखरं परत येतात म्हणून गोफण टाकायची का?

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळपासून कापसाच्या भावावर, कर्जावर, पीकविम्यावर बोलणे झाले. ते बोलायलाच हवे. पण मागे एका गावच्या बैठकीत एक वेगळाच प्रश्न आमच्यापुढे आला आणि त्याला उत्तर देताना आमची जीभ अडखळली. एक बहीण उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, पोरीला नर्सिंगला घालायचं मी ठरवलं होतं. तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी पावसानं दगा दिला, दुसऱ्या वर्षी बोंडअळीनं खाल्लं, तिसऱ्या वर्षी सासऱ्याचं दुखणं निघालं. दरवर्षी डब्यात पैसे टाकते, दरवर्षी डबा रिकामा होतो. आता पुन्हा टाकायला हात उचलत नाही. उमेद कुठून आणायची, तेवढं सांगा."

आम्ही "हिंमत ठेवा ताई" असे काहीतरी बोललो आणि खाली बसलो. घरी जाताना आमची आम्हालाच लाज वाटली. शेतकऱ्याला हिंमत ठेवा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. बँकेचा साहेब सांगतो, पुढारी सांगतो, आता तर पैसे घेऊन हिमतीची भाषणे देणारेही गावोगाव फिरतात. हिमतीने हप्ता फिटत नाही. ज्याच्या मालाला भाव मिळत नाही त्याला "तुझ्यातच काही कमी आहे" असे सांगणे म्हणजे चोराला सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे. तेव्हा आज त्या बहिणीला नीट उत्तर द्यायचा आम्ही प्रयत्न करणार आहोत.

त्यासाठी तुम्हाला थोडे लांब, मुंबईत अंधेरीला नेतो. अंधेरी काही आपल्याला परकी नाही. गावातले एखादे तरी पोरगे तिथे असतेच. कोणी सीप्झमध्ये, कोणी मरोळच्या कारखान्यात, कोणी सोसायटीच्या फाटकावर पहारा करत. अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला गेले की वर्सोवा लागते. जुना कोळीवाडा, त्याला खेटून उंच इमारती आणि समोर समुद्र. किनारा साधारण अडीच किलोमीटरचा.

२०१५ साली या किनाऱ्याजवळच्या घरात अफरोज शाह नावाचे एक तरुण वकील राहायला आले. लहानपणी ते याच किनाऱ्यावर खेळलेले. पाहतात तर वाळूच दिसेना. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, चपला, फाटकी जाळी, काही ठिकाणी तर पुरुषभर उंचीचा थर. त्यांनी मनाशी ठरवले की हा किनारा साफ करायचा. सरकारने सांगितले नव्हते, कोणी पगार देणार नव्हते. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते खाली उतरले, बरोबर कोण, तर ८४ वर्षांचे एक शेजारी आजोबा. दोघांनी मिळून काही पिशव्या भरल्या. अडीच किलोमीटरच्या उकिरड्यात दोन माणसे! पाहणारे हसले असतील तर नवल नाही. आपल्याकडेही पहिल्यांदा बांध घालणाऱ्याला लोक हसतातच.

आता खरी अडचण ऐका. आज साफ केलेला किनारा उद्याच्या भरतीला पुन्हा भरायचा. नाल्यातून आणि खाडीतून वाहून आलेले सारे प्लास्टिक समुद्र परत आणून टाकायचा, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. तो कचरा त्या वकिलांनी केलेला नव्हता, त्यांच्या इमारतीनेही केलेला नव्हता. लाखो लोकांनी टाकलेला कचरा लाट त्यांच्या पुढ्यात आणून ओतत होती. येरे माझ्या मागल्या!

मग त्यांनी काय केले? आमच्या मते तीन गोष्टी केल्या, आणि तिन्ही आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट, त्यांनी वार ठरवला. दर शनिवार-रविवारी काम करायचे. किती साफ झाले यापेक्षा कितवा आठवडा झाला हे ते मोजू लागले. किनारा साफ होणे त्यांच्या हातात नव्हते, ते समुद्राच्या हातात होते. रविवारी खाली उतरणे मात्र त्यांच्या हातात होते. दुसरी गोष्ट, ते दारोदार गेले. कोळीवाड्यात गेले, इमारतींत गेले, शाळा-कॉलेजांत गेले, हात जोडून बोलावले. दोनाचे वीस झाले, विसाचे शेकडो झाले. पहिल्या दोन वर्षांत पन्नास लाख किलोच्या आसपास कचरा उचलला गेला. दहा टनी ट्रकच्या हिशेबाने पाचशे ट्रक. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने त्यांना 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला.

सन्मान झाला म्हणजे गाडी रुळावर आली, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये, १०९ आठवड्यांनंतर, त्यांनी काम थांबवले. गोळा केलेला कचरा उचलला जात नव्हता, त्याचे ढीग किनाऱ्यावरच पडून होते. वर कामाला येणाऱ्या माणसांना शिवीगाळ होऊ लागली. तेव्हा या माणसाने तिसरी गोष्ट केली. तो गुपचूप घरात बसला नाही. आपण थकलो, आपल्याच्याने आता होत नाही, हे त्याने चारचौघांत जाहीर सांगितले. सांगितल्यावर वर्तमानपत्रांनी छापले, सरकारपर्यंत गेले, कचरा उचलण्याची आणि संरक्षणाची हमी मिळाली आणि थोड्याच दिवसांत काम पुन्हा सुरू झाले.

आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची ऐंशीएक पिल्ले निघून समुद्राकडे चालत गेली. वीसेक वर्षांत तिथे असे दिसले नव्हते. कासवे आणायची म्हणून कोणी काम केलेले नव्हते. वाळू मोकळी झाली, कासवाला जागा मिळाली.

भावांनो, आता आमच्यातला कोणी विचारेल, आणि त्याने विचारावेच, की वकिलाचे पोट काही किनाऱ्यावर अवलंबून नव्हते. किनारा घाण राहिला असता तरी त्यांच्या घरी चूल पेटली असती. आमचे पोट शेतावर आहे, तेव्हा आमची आणि त्यांची बरोबरी कशी? बरोबर आहे. ही बरोबरी नाहीच. म्हणून आम्ही तुम्हाला त्यांच्यासारखे व्हा असे म्हणत नाही. पण परत परत येणाऱ्या संकटाशी कसे वागायचे, याचा जो धडा तिथे दिसतो, तो आपल्याच शेतातला आहे. आपण तो विसरलो आहोत, एवढेच.

ज्या वर्षी वर्सोव्याचे काम थांबले, त्याच २०१७ च्या खरिपात आपल्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली. बीटीचे महागडे बियाणे लावूनही बोंडे किडली. किती जणांनी उभ्या पिकात नांगर घातला, जनावरे सोडली, ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हाही आपला प्रत्येक माणूस आपापल्या घरात बसून कपाळाला हात लावत होता. माझे नशीब फुटके, माझा हात पिकाला लाभत नाही, असे म्हणत होता. पण अळी नशिबातून आली नव्हती. ती डिसेंबरनंतर उभ्या ठेवलेल्या फरदडीतून आली, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगातून आली, जिनिंगच्या आवारातल्या सरकीतून आली. मी फरदड काढली आणि शेजाऱ्याने ठेवली, तर त्याचा पतंग माझ्या शेतात येतो. वर्सोव्याची लाट आणि आपला पतंग, दोन्ही दुसऱ्याच्या घरचे. म्हणून एकट्याने कितीही जीव तोडला तरी उपयोग नाही. दारोदार जावेच लागते.

तोडगा काय निघाला? साऱ्या गावाने वेळेवर उलंगवाडी करायची, पऱ्हाट्या शेतात ठेवायच्या नाहीत. पीक उभे असताना एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले तरच फवारणीचा विचार करायचा. आठवड्यातून एकदा शेतात फिरून डोमकळ्या तोडून नष्ट करायच्या, वीस हिरवी बोंडे फोडून पाहायची. यात कुठे शौर्य नाही. आठवड्याचा एक वार आहे, शेजारी आहे आणि मोजणी आहे. एवढ्याने अळी कायमची जाते का? नाही जात. पुढच्या हंगामात पुन्हा येते आणि आपण पुन्हा सापळे लावतो.

आता त्या बहिणीकडे वळू. ताई, तुम्ही म्हणता डबा दरवर्षी रिकामा होतो. आम्ही तुम्हाला विचारतो, सासऱ्यांचे औषध कशातून आले? त्याच डब्यातून आले ना? डबा नसता तर ते पैसे सावकाराकडून शेकड्याने आले असते आणि आज पोरीचे शिक्षणच काय, घरातले सोनेही गेले असते. डबा रिकामा झाला म्हणजे तुम्ही हरलात असे नाही. डब्याने एक संकट अंगावर घेतले. वर्सोव्याला दुसऱ्या दिवशी नवा कचरा आला, म्हणून आदल्या दिवशी उचललेली पिशवी परत वाळूत आली नव्हती. ती गेली ती गेलीच. तशी तुमची तीन वर्षे वाया गेलेली नाहीत.

पण डब्याची रीत बदला. आजारपणाचा पैसा आणि पोरीचा पैसा एका डब्यात ठेवू नका. पोरीचा पैसा बचत गटात, आठवड्याच्या ठरलेल्या वारी, कितीही थोडा असला तरी. एखाद्या आठवड्यात दहाच रुपये पडले तर दहा लिहा. काहीच पडले नाही तर शून्य लिहा, पण वही उघडायची चुकवू नका. शून्य लिहिणारी बाई पुढच्या आठवड्याला परत येते. वही न उघडणारी येत नाही. पोरीलाही त्या वहीत बघू द्या. शिष्यवृत्तीचे अर्ज कधी निघतात, सरकारी कॉलेजात जागा किती, ही चौकशी तिला करू द्या. काम तिचे आहे, तिलाही ओझे उचलू द्या. आणि हे वर्ष हुकले, तर मुदत एक वर्षाने पुढे ढकला. मुदत पुढे ढकलणे म्हणजे काम सोडणे नव्हे. दुबार पेरणी करणाऱ्याला आपण हरलेला म्हणतो का?

शेवटची गोष्ट पुरुषमंडळींसाठी आहे. ती ऐकायला जड जाईल. त्या वकिलांनी आपण थकलो हे जगाला सांगितले. आपण मात्र घरच्या लक्ष्मीलाही सांगत नाही. कर्जाचा खरा आकडा किती, सोसायटीचे किती, कृषी केंद्राचे किती, सावकाराचे किती, हे निम्म्या घरांत बाईला ठाऊक नसते. आकडा एकट्याच्या छातीवर बसतो आणि एक दिवस माणसाला चिरडतो. मग गावाला कळते. या जिल्ह्यात असे दिवस आपण पाहिले आहेत, त्यांचे वर्णन आम्ही करणार नाही. एवढेच मागतो की आज घरी गेल्यावर दिवा लावून बसा आणि सारे आकडे कागदावर मांडून घरात वाचून दाखवा. कर्ज त्याने कमी होणार नाही, पण ते एका माणसाचे राहणार नाही. शेजारचा कोणी गप्प गप्प झाला असेल, चावडीवर यायचा थांबला असेल, तर बोलावण्याची वाट न पाहता त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. मन फारच बुडाले तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन फुकट लागतो, आपल्या भाषेत बोलता येते. त्यात कमीपणा नाही. कचरा उचलायला त्यांनीही ट्रक मागवलेच की!

कासवांची गोष्ट ऐकून कोणी असे समजू नका की वर्सोव्याचा किनारा आता लखलखतो. आजही पावसाळ्यात लाट प्लास्टिक आणून टाकते. म्हणून तर पुढे ते मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांत शिरले, कचरा जिथून निघतो तिथेच अडवायला. पोहोचलो आणि संपले, असे तिथे नाही. आपल्या शेतातही कधी नव्हते.

ज्वारी दाण्यात आली की आपण पहाटे माळ्यावर चढतो. पाखरं येतात, आपण गोफण फिरवतो, ती उडतात आणि घटकाभराने परत येतात. काल हाकलली होती, आज पुन्हा का आली, असे म्हणून गोफण टाकून घरी गेलेला शेतकरी आम्ही तरी पाहिला नाही. पाखरं येणारच हे धरूनच तो माळा बांधतो. पोरीच्या शिक्षणाचे, विहिरीचे, कर्जमुक्त होण्याचे जे काही तुम्ही मनात धरले असेल, त्यालाही असाच माळा बांधा. वार ठरवा, एक शेजारी बरोबर घ्या आणि थकलात तर सांगा.

पुढच्या बैठकीला येताना त्या बहिणीने आपली वही आणावी. शून्य असले तरी आणावी. आम्हीही आमची आणू.