पिक्चर आपला, काटा कुणाचा?



मी गोदी कामगार. मॅट्रिक पास. कविता लिहितो. याला सिनेमाच्या धंद्यातलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. पण माल एकाचा, वाहणारा दुसरा, विकणारा तिसरा आणि हिशेब चौथ्याच्या वहीत, हा खेळ मी रोज बघतो. सिनेमाचा सेल्स एजंट म्हणजे यातला तिसरा गडी. म्हणून बोलायला उभा राहिलो.

आपल्या पोरांनी दोन वर्षं खपून पिक्चर काढला. वर्गणी गोळा केली, कुणी बायकोचे डाग गहाण टाकले. आता एका एजंटाचा चौदा पानांचा इंग्रजी कागद आलाय आणि रविवारी सही करायची म्हणतात. का? तर माणूस भला आहे, पिक्चर बघून रडला. रडला तर रडला! आमचा एक ठेकेदार मयतालाही येऊन रडायचा आणि पगारातून हातमोज्यांचे पैसे कापायचा. मला डोळ्यातलं पाणी नको, वहीतला आकडा दाखवा.

एजंट नकोच, असं मी म्हणत नाही. २०१४ साली चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' व्हेनिसला गेला. एका लोकशाहिरावरच्या खटल्याची गोष्ट. तिथल्या ओरिझोन्ती विभागात तो सर्वोत्तम ठरला. त्याची परदेशातली विक्री पॅरिसच्या एका कंपनीकडे होती. कान, बर्लिनच्या बाजारात कुठल्या देशाचा खरेदीदार काय घेतो, हे ज्याला तोंडपाठ आहे असा माणूस लागतोच. आपल्याकडे तर विमानाच्या तिकिटाचे पैसे नाहीत.

पण तो खातो कुठून, ते बघा. विक्रीवर दलाली, साधारण शंभरात पंधरा ते तीस. हे उघड आहे, त्याचं काही नाही. घात होतो खर्चाच्या रकान्यात. समजा, पिक्चर १० लाखांना विकला. २५ टक्क्यांनी दलाली अडीच लाख. मग तो सांगतो, पोस्टर, हॉटेल, बाजारातला स्टॉल, खर्च झाला ६ लाख. आपल्या हातात उरले दीड लाख. तोच खर्च २ लाखांच्या वर जाणार नाही असं आधी लिहून घेतलं असतं, तर साडेपाच लाख उरले असते. आणि एका स्टॉलवर पाच पिक्चर लावले तर भाडं पाचात वाटायचं का एकट्या आपल्या डोक्यावर, हेही लिहून घ्या.

जो विकण्याआधीच आपल्याकडं पैसे मागतो, त्याला लांबूनच हात जोडा. त्याचं पोट आपल्या फीवर भरलं, आता तो विकायला कशाला पळेल?

कायदाही वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम. हक्क सोपवायचे तर लेखी लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्यानं वर्षभर हक्क वापरला नाही तर तो सुटतो. पण कागदात वेगळं लिहिलं असेल तर कागद खरा. आणि आपल्या कागदात लिहिलंय, सगळं जग, पंधरा वर्षं! आज पोटात असलेलं पोर तोवर दहावीला बसेल. तोवर आपल्याच चाळीत पडदा लावायचा तर त्याची परवानगी मागायची. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' वस्त्यावस्त्यांत लागला, कारण पिक्चर त्यांच्या हातात होता. म्हणून वस्ती, कॉलेज आणि युनियनचे शो आपल्याकडंच ठेवा. मुदत कमी करा. ठरल्या काळात ठरलेली विक्री झाली नाही तर हक्क परत, हे कलम घाला.

कंपनी बुडाली तर? २०१९ साली अमेरिकेतली डिस्ट्रिबर बुडाली. ती पिक्चर ऑनलाइन फलाटांवर पोचवायची आणि तिथला पैसा निर्मात्यांना द्यायची. पैसा तिच्याच खात्यात यायचा, त्यामुळं लोकांचे अडकले. तेव्हा खातं वेगळं, जमल्यास तिऱ्हाइताकडं. दर सहा महिन्यांनी हिशेब आणि वही तपासायचा आपला हक्क. यावर जो कुरकुर करेल तो आपला माणूस नव्हे.

माणूस पारखायचा तर तो ज्यांची नावं देतो त्यांनाच फोन करू नका. त्यानं घेतलेल्या पिक्चरची यादी काढा, त्यातले न चाललेले शोधा. त्या दिग्दर्शकांना विचारा, हिशेब आला का? फोन उचलतो का? आमच्याकडंही नवा मुकादम आला की आम्ही जुन्या टोळीलाच विचारतो.

रविवारी सही करू नका. तो कागद इथं आणा, वकील बोलवा, एकेक कलम मराठीत मोठ्यानं वाचू. ज्यांनी दहा-दहा रुपये दिले त्या बायाही बसतील. त्यांना जे कलम कळलं नाही, त्यावर सही नाही. एजंट खरा असेल तर आठवडाभर थांबेल. पळाला तर पळू दे. पिक्चर अजून आपल्याकडंच आहे.