न वटलेला चेक आणि दिवसांचा हिशेब

‘उधारीचें पोतें सव्वा हात रितें’ अशी जुनी म्हण आहे. ती ठाऊक असूनही व्यापार उधारीवांचून चालत नाहीं. नंदुरबारचेंच उदाहरण घ्यावें. १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला गुजरात व मध्य प्रदेश हीं दोन्ही राज्यें लागून आहेत. येथील लाल मिरची पथाऱ्यांवर वाळते आणि दूरदूरच्या पेठांत जाते. माल आज निघतो, पैसा मागाहून येतो. मधल्या काळांत विक्रेत्याच्या हातीं असतो तो पुष्कळदां पुढील तारखेचा एक चेक.

हा चेक बँकेंतून परत आला तर? परक्राम्य संलेखांचा कायदा १८८१ सालचा. परंतु चेक न वटणें हा त्याखालीं गुन्हा ठरला तो १ एप्रिल १९८९ पासून. कायदेशीर देणें फेडण्यासाठीं दिलेला चेक खात्यांत पुरेशी रक्कम नसल्यामुळें परत आला, तर कलम १३८ अन्वयें देणारास दोन वर्षांपर्यंत कारावास, चेकाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. चेकावरील सही मान्य असली, कीं देणें होतें असें न्यायालय प्रथम गृहीत धरतें. तें नव्हतें हें दाखविण्याचा भार चेक देणारावर पडतो.

एवढें ऐकून विक्रेता निश्चिंत होतो, आणि येथेंच त्याची फसगत होते. हा हक्क दिवस मोजणाराच्याच हातीं टिकतो. समजा, नंदुरबारच्या एका व्यापाऱ्यानें सुरतेच्या गिऱ्हाइकास चार लाखांची मिरची उधार दिली आणि त्याचा चेक न वटल्याची सूचना बँकेकडून ५ जानेवारीस मिळाली. तेथून ३० दिवसांच्या आंत, म्हणजे ४ फेब्रुवारीपर्यंत, चेकाच्या रकमेची लेखी मागणी करणारी नोटीस धाडली पाहिजे. ती ६ फेब्रुवारीस पोंचली, तर पैसे चुकते करण्यास गिऱ्हाइकाला १५ दिवस मिळतात. २१ फेब्रुवारीपर्यंत रक्कम आली, तर फिर्यादीला कारणच उरत नाहीं. अडचणींत सांपडलेल्या प्रामाणिक माणसासाठीं ही सवड आहे. ती उलटल्यावर एका महिन्याच्या आंत फिर्याद दाखल करावी लागते.

परंतु गिऱ्हाईक जुनें असतें. ‘होळीपर्यंत थांबा’ असा निरोप येतो, भीड पडते आणि नोटिशीचे दिवस निघून जातात. चेकावरील तारखेपासून ३ महिने झाले नसतील, तर तो पुन्हा बँकेंत भरतां येतो व परत आल्यास नवी नोटीस देतां येते. तीही संधि दवडली, म्हणजे उरतो केवळ दिवाणी दावा. त्याची मुदत सामान्यतः ३ वर्षें.

दुसरी चूक हप्त्यांची. चार लाखांपैकीं एक लाख मध्यंतरीं घेतले, चेकावर तशी नोंद केली नाहीं आणि पूर्ण रकमेसाठीं तोच चेक भरला, तर चेक देण्याहून मोठा ठरतो. अशा चेकाला कलम १३८ लागू होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं ठरविलें.

फिर्याद करावयाची कोठें, हा प्रश्न सीमेवरच्या जिल्ह्याला विशेष जिव्हाळ्याचा. चेक देणाराची बँक जेथें असेल तेथें, असें सर्वोच्च न्यायालयानें १ ऑगस्ट २०१४ रोजीं म्हटलें होतें. त्या नियमानें नंदुरबारच्या व्यापाऱ्याला सुरतेच्या खेपा पडल्या असत्या. २०१५ सालच्या दुरुस्तीनें हें पालटलें. विक्रेत्यानें चेक आपल्या खात्यांत भरला असेल, तर तें खातें ज्या शाखेंत आहे तेथील न्यायालयांत फिर्याद चालते.

तेव्हां बिल, माल पोंचल्याची पावती, खातेउतारा, बँकेची सूचना आणि टपालाची पावती हीं सर्व एका जागीं ठेवावीं. नोटीस धाडणें म्हणजे संबंध तोडणें नव्हे. फिर्याद दाखल झाल्यावरही उभयपक्षीं तडजोड करण्याची मुभा कायद्यानें कलम १४७ मध्यें ठेविली आहे. गिऱ्हाइकाला सवड द्यावयाची असेल तर ती खुशाल द्यावी; परंतु नोटीस आधीं जावी आणि फिर्यादीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहिलेली असावी.