कॅमेऱ्याचा आवाज बंद करणं गुन्हा आहे का?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधी वकील बोलले, प्राध्यापिका बोलल्या. मी मोबाईल दुरुस्त करणारा माणूस आहे. बाजारपेठेत माझं छोटं दुकान आहे. पंधरा वर्षं डिस्प्ले बदलतोय, बॅटऱ्या बदलतोय. संयोजकांनी मला 'मोबाईल आणि आपली जबाबदारी' असा विषय दिला. तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. म्हणून दुकानात नेहमी येणाऱ्या एका प्रश्नावरच बोलतो. गिऱ्हाईक विचारतं, "भाई, फोटो काढताना 'खट्' आवाज येतो, तो बंद करून द्या ना. पण ते कायद्यात बसतं ना?"

सरळ उत्तर आधी देतो. बसतं. कॅमेऱ्याचा आवाज चालूच ठेवला पाहिजे, असा कायदा भारतात नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच तो बंद करायची सोय असते, किंवा फोन सायलेंट केला की तो बंद होतो. त्यासाठी मला पैसेही देऊ नका.

मग हा प्रश्न येतो कुठून? एकदा एकाने त्याच्या भावाचा जपानहून आणलेला फोन माझ्याकडे दिला. फोन सायलेंट केला तरी फोटो काढताना आवाज येतच होता. त्याला वाटलं, फोन बिघडलाय. बिघडला नव्हता. जपानमध्ये २००० च्या सुमारास कॅमेऱ्याचे फोन बाजारात आले आणि लगेच रेल्वेत, जिन्यांवर बायकांचे चोरून फोटो काढले जाऊ लागले. तेव्हा तिथल्या कंपन्यांनी आपसांत ठरवलं की हा आवाज बंद करताच येणार नाही. हा सरकारी कायदा नव्हे, उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेला नियम आहे. दक्षिण कोरियात २००४ मध्ये असंच मानक ठरलं, आवाज किमान ६० डेसिबल हवा असं. अमेरिकेत २००९ मध्ये संसदेत असं विधेयक आलं, पण ते मंजूर झालं नाही.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, आपल्याकडेही असा नियम हवा. मलाही एकेकाळी तसंच वाटायचं. का वाटायचं, ते सांगतो.

२०२३ मध्ये आमच्या घरात एक लग्न होतं. बायकांच्या दालनात मुली नाचत होत्या, हसत होत्या. कोणीतरी तिथे माझ्या भाचीचा फोटो काढला. कोणाला कळलं नाही, कारण आवाज झाला नाही. आठ दिवसांनी तिच्या नावाचं एक खोटं खातं निघालं. त्यावर तो फोटो आणि खाली घाण मजकूर. कॉलेजातल्या मुलांपर्यंत तो पोहोचला.

आपाने मला बोलावलं. घरात मोबाईलचं कळणारा मीच. आणि मी काय केलं? भाचीचा फोन मागितला, तिची खाती बंद केली, फोन कपाटात ठेवला. भावजी म्हणाले, कॉलेज काही दिवस राहू दे. मी मान डोलावली. एक खाला म्हणाली, "नाचायला कोणी सांगितलं होतं?" त्यावरही मी गप्प राहिलो.

दोन दिवसांनी भाची माझ्या दुकानात आली. म्हणाली, "मामू, फोटो ज्याने काढला त्याचा फोन कोणी घेतला का? माझाच का घेतला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. चोरी झाली आणि आम्ही ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच कोंडून ठेवलं.

त्या संध्याकाळी मी तिला आणि आपाला घेऊन एका वकील ताईंकडे गेलो. तिथे जे शिकलो, ते तुम्हाला सांगण्यासाठीच आज उभा आहे.

पहिली गोष्ट. कायदा आवाज मोजत नाही. काय टिपलं, संमती होती का आणि ते कुठे पाठवलं, हे तो पाहतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई सांगतं की कोणाचेही, बाईचे किंवा पुरुषाचे, खाजगी अवयव संमतीशिवाय टिपणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्त्रीच्या खाजगी क्षणांचं चोरून चित्रण करण्याविरुद्ध २०१३ मध्ये दंड संहितेत ३५४-सी हे कलम आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ७७ आहे. त्यात एक महत्त्वाचं वाक्य आहे, मुलींनी तर ते लक्षात ठेवावंच. फोटो काढायला संमती दिली म्हणजे तो इतरांना पाठवायला दिली असं होत नाही. विश्वासाने दिलेला असा फोटो दुसऱ्याला पाठवला, तर तो पाठवणारा गुन्हेगार आहे, देणारी नाही.

दुसरी गोष्ट. माझ्या भाचीचा फोटो पूर्ण कपड्यांतला होता, म्हणून ही दोन कलमं तिथे लागत नव्हती. तरीही मार्ग होता. स्त्रीचा अपमान करण्याच्या हेतूने लिहिणं, दाखवणं, तिच्या खाजगीपणात घुसणं याला तेव्हा कलम ५०९ होतं, आता ७९ आहे. आणि २०२१ च्या आयटी नियमांत, कोणी तुमच्या नावाने खोटं खातं काढलं आणि तुम्ही तक्रार केली, तर कंपनीने २४ तासांत कारवाई करायची, अशी मुदत होती. आम्ही तक्रार केली, खातं गेलं. आधी आम्ही रडण्यात दहा दिवस घालवले होते. पोलिसांतही तक्रार दिली. तो मुलगा आमच्याच नात्यातला निघाला. प्रकरण अजून चालू आहे. नातं तुटलं, हे खरं आहे. पण भाची कॉलेजला गेली. एक सत्र बुडालं, त्याचा दोष मी त्या मुलाला एकट्याला देत नाही.

आता आवाजाकडे परत येतो. आवाज आला असता तर हे टळलं असतं का? लग्नातल्या त्या गोंगाटात? जपान आणि कोरियात काय झालं पाहा. आवाज न करणारी कॅमेरा ॲप्स निघाली. लपवलेले कॅमेरे आले. कोरियात मानक येऊन चौदा वर्षं झाल्यावर, २०१८ मध्ये, हजारो बायका चोरट्या चित्रणाविरुद्ध सोलच्या रस्त्यावर उतरल्या. जपानला शेवटी २०२३ मध्ये चोरट्या चित्रणाविरुद्ध देशभराचा वेगळा कायदा करावा लागला.

आणि आपल्या बहिणींचं काय झालं, ते आठवा. २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचा 'लिलाव' मांडला गेला. ते फोटो त्यांनी स्वतः उघडपणे टाकलेले होते. तिथे चोरून खटका दाबायची गरजच नव्हती. त्या बायका फोटो काढून टाकून घरात बसल्या असत्या, तर लिलाव मांडणारे जिंकले असते. त्यांच्यातल्या अनेकींनी नावानिशी तक्रारी केल्या आणि अटका झाल्या.

शेवटी एक गोष्ट. काही महिन्यांपूर्वी एक बाई दुकानात आल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "कॅमेऱ्याचा आवाज बंद करून द्या." मी कारण विचारलं नाही, पण हातावरचा वळ दिसत होता. नवऱ्याने फोडलेल्या वस्तूंचे, स्वतःच्या जखमांचे फोटो त्यांना घरातल्या घरात काढायचे होते. मी आवाज बंद करून दिला आणि वकील ताईंचा नंबरही दिला. त्या घरात हा 'खट्' आवाज झाला असता, तर त्यांना आणखी मार बसला असता.

म्हणून आता मी आवाजाच्या नियमाची मागणी करत नाही. मुलांनो, तुमच्या ग्रुपवर असा फोटो आला तर पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्याला तिथेच टोका. मुलींनो, असं काही झालं तर खात्याची लिंक, तारीख, स्क्रीनशॉट जपून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, तुमची मुलगी असं काही सांगायला आली, तर तिचा फोन मागू नका. आधी तिचं ऐकून घ्या.

कॅमेऱ्याचा आवाज बंद करायला कायद्याची हरकत नाही. आमच्या घरात आम्ही भाचीचाच आवाज बंद केला होता, आणि त्यात मीही होतो. एवढं कबूल करून थांबतो.