ताबा ज्याचा, जबाबदारी त्याची



औद्योगिक सुरक्षेच्या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही कामगार कायद्याच्या वकिलाकडे दिलंत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आमच्याकडे येणारा मालक बहुधा अपघात घडून गेल्यावरच येतो. कामगार दवाखान्यात असतो, पोलीस जबाब घेऊन गेलेले असतात, कारखाना निरीक्षकाची नोटीस टेबलावर पडलेली असते. त्या वेळी त्याचा प्रश्न एकच असतो : "यात माझी जबाबदारी किती?"

हा प्रश्न विचारणारी माणसं बेफिकीर असतात असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढचे पेच खरे असतात. पण यातले बहुतेक पेच एका सूत्रानं सुटतात, आणि ते सूत्र आपल्या कायद्यात पूर्वीपासून आहे : कामाचा ताबा ज्याच्या हाती, जबाबदारी त्याच्या माथी. आज मला एवढंच सांगायचं आहे.

आपल्याकडचा पहिला कारखाना कायदा 1881 चा, मुख्यतः गिरण्यांत राबणाऱ्या मुलांसाठी केलेला. स्वातंत्र्यानंतर 1948 चा कायदा आला आणि कारखान्याच्या कारभारावर ज्याचा अंतिम ताबा, तो 'भोगवटादार' ठरला. 1984 च्या डिसेंबरात भोपाळची वायुदुर्घटना घडली. पुढच्याच वर्षी दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की घातक उद्योग चालवणाऱ्याला 'मी पुरेशी काळजी घेतली होती' हा बचाव मिळणार नाही. नुकसान झालं तर ते भरून द्यावंच लागेल. 1987 मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण आलं. 1996 मध्ये जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार संचालकच असला पाहिजे; एखाद्या अधिकाऱ्याचं नाव पुढे करून संचालक मंडळाला मोकळं होता येणार नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्यांच्या जागी श्रम संहिता लागू झाल्या. कायद्यांची नावं बदलली, पण सूत्र तेच राहिलं.

आता पेचांकडे वळतो. पहिला पेच सर्वांत जास्त ऐकू येणारा : "गार्ड आम्ही बसवला होता, कामगारानंच काढला."

पॉवर प्रेसवर दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय रॅम खाली येऊ नये आणि त्या क्षणी एकही हात डायमध्ये असू नये, यासाठी ती योजना असते. एखाद्या शॉपमध्ये जाऊन नीट बघा. एका बटणावर लाकडी पाचर ठोकलेली किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली दिसेल. कामगार एका हातानं जॉब सरकवतो आणि दुसऱ्या हातानं उरलेलं बटण दाबतो. जॉब अडकला की तो ओढायला बोटं आपसूक आत जातात. त्याच वेळी रॅम खाली आला, तर उजव्या हाताची दोन-तीन बोटं जातात.

कायदा इथे काय म्हणतो? 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यापासून आजच्या सामाजिक सुरक्षा संहितेपर्यंत तरतूद मुळात एकच आहे. कामगारानं जाणूनबुजून गार्ड काढला आणि अपघाताचं थेट कारण तेच असेल, तर मालकाला भरपाई नाकारता येते. पण त्याच वाक्यात अपवादही आहे : मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर हा बचाव चालत नाही. शिवाय फौजदारी बाजू वेगळीच राहते. तिथे मालकाला दाखवावं लागतं, की आपण पुरेशी दक्षता घेतली होती आणि हे आपल्या माहितीशिवाय घडलं.

खरी अडचण नेमकी तिथेच आहे. ती पाचर किती दिवस होती? सुपरवायझर रोज त्या मशीनजवळून जात होता की नाही? दोन्ही हात वापरून शिफ्टचं टार्गेट पुरं होतं का, हे कुणी मोजलं होतं का? टार्गेट व्यवस्थापनानं ठरवलं, पीसरेट व्यवस्थापनानं ठरवला, पाचर व्यवस्थापनाच्या डोळ्यांसमोर होती. अशा वेळी 'कामगाराचा हट्ट' एवढंच म्हणून भागत नाही. सूचना न पाळणाऱ्या कामगारावर कारवाई जरूर करा. कायद्यानं त्याच्यावरही कर्तव्य टाकलेलं आहे. पण त्याआधी गार्ड लावूनही पुरं होईल असं टार्गेट द्या. कोर्टात याच्याइतका भक्कम बचाव दुसरा नाही.

दुसरा पेच कंत्राटदाराचा. "तो माणूस आमच्या पटावरच नव्हता." रसायनांच्या कारखान्यात टाकी साफ करायला ठेकेदाराची माणसं बोलावतात. आतल्या हवेची तपासणी होत नाही, वर्क परमिटवर सही मात्र झालेली असते. एक जण आत उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो, तोही वर येत नाही. करारात लिहिलेलं असतं, की सुरक्षेची सर्व जबाबदारी ठेकेदाराची. त्या कलमाचा उपयोग मर्यादित आहे. भरपाई आधी मुख्य मालकालाच द्यावी लागते, मग ती ठेकेदाराकडून वसूल करता येते. फौजदारी जबाबदारी तर करारानं कुणाच्या गळ्यात घालता येतच नाही. टाकी तुमची, त्यात काय होतं हे तुम्हाला ठाऊक, परमिट देणारा माणूस तुमचा. मग ताबा कुणाचा, हे वेगळं सांगायला हवं का?

तिसऱ्या पेचावर मी थोडा थांबतो, कारण त्याबद्दल उघड बोललं जात नाही. "साहेब, धोका लिहून ठेवला तर तोच कागद आमच्यावर उलटेल." थोडक्यात चुकलेला अपघात, गळका व्हॉल्व्ह, कुरकुरणारी क्रेन अशा नोंदी ठेवल्या, तर 'धोका माहीत होता' याचा पुरावा आपणच तयार केला असं होतं. काही सल्लागारही 'कमी लिहा' असं सुचवतात. हा सल्ला मला मान्य नाही.

नोंद करून त्यावर काहीच केलं नाही, तर ती उलटणारच, आणि उलटलीच पाहिजे. पण सोमवारी दोष लिहिला, त्याच दिवशी मशीन थांबवलं, गुरुवारी दुरुस्ती झाली, सही कुणाची हे दिसतं, अशी वही मालकाच्या बाजूनं बोलते. उलट शंभर पानांच्या रजिस्टरमध्ये रोज एकाच शाईनं, एकाच हातानं 'ठीक आहे' लिहिलेलं असेल, तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सुरक्षा अधिकाऱ्याला कोंडीत पकडायला दोन प्रश्नही लागत नाहीत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणानं होणाऱ्या मृत्यूची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत गेली आहे. व्यावसायिक सुरक्षा संहितेत कर्तव्य चुकल्यानं मृत्यू झाला, तर किमान पाच लाखांचा दंड आहे आणि त्यातला निम्मा तरी वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. अशा काळात डोळे मिटून घेणं ही सर्वांत महागडी कायदेशीर चाल आहे.

चौथा पेच आरोग्याचा. तपासणीत कामगाराची ऐकण्याची शक्ती घटलेली आढळली, छातीच्या फोटोत धूळ बसलेली दिसली. त्याला त्याच कामावर ठेवलं तर मालक दोषी, काढलं तर अन्याय. 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा काम सोडल्यावर 15 वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपायला सांगितलं. कारण असे आजार माणूस निवृत्त झाल्यावर डोकं वर काढतात. तपासणीचा अहवाल नोकरी काढून घेण्याचं हत्यार झाला, तर कामगार आजार लपवेल आणि तपासणीच निरर्थक होईल. म्हणून आधी धूळ आणि आवाज कमी करा, मग माणसाला दुसरं काम द्या, त्याच पगारावर. डॉक्टरांनीही अहवाल आधी कामगाराच्या हाती द्यावा आणि तो त्याला समजेल अशा भाषेत समजावून सांगावा.

धोका कमी करण्याऐवजी माणूसच बाजूला काढायचा नाही, हेच मी रात्रपाळीतल्या स्त्रियांबद्दलही म्हणतो. संमती, सुरक्षा आणि प्रवासाची सोय या अटींवर व्यावसायिक सुरक्षा संहितेनं त्यांना रात्रीचं काम खुलं केलं आहे. अटी नकोत म्हणून बायकाच नकोत, ही सुरक्षितता नव्हे.

शेवटचा मुद्दा लघुउद्योजकांचा. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर इथल्या छोट्या शॉपमध्ये जॉबवर्कचा दर मोठी कंपनी ठरवते, डिलिव्हरीची तारीख तीच ठरवते, दर वर्षी दर कमी करायला तीच सांगते. प्रेसला सेन्सर बसवायचे पैसे त्या दरात नसतात. अपघात झाला की गुन्हा मात्र छोट्या मालकावर. सूत्र प्रामाणिकपणे लावलं, तर या ताब्याचा मोठा वाटा वरच्या कंपनीकडे जातो. कायदा आज तिथवर पुरेसा पोचत नाही, ही त्याची खरी उणीव आहे.

म्हणून या परिषदेनं तीन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. मोठ्या कंपन्यांनी जॉबवर्कच्या दरात सुरक्षेचा खर्च स्वतंत्र ओळीत दाखवावा आणि पुरवठादाराचं ऑडिट करताना मालाच्या दर्जाबरोबर बोटांचाही हिशेब मागावा. शासनानं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयातली रिक्त पदं भरावीत. निरीक्षकाला आता मार्गदर्शकाचंही काम दिलं आहे, तर ते करायला माणसं हवीत. आणि आपण सर्वांनी, कायद्यानं सक्ती असो वा नसो, प्रत्येक कारखान्यात सुरक्षा समिती नेमावी. तिच्यात मशीनवर उभा राहणारा माणूस असावा, कंत्राटी कामगारही असावा, आणि त्यांच्यापैकी कुणीही 'थांबवा' म्हटलं तर मशीन थांबावं.

"माझी जबाबदारी किती?" हा प्रश्न अपघातानंतर विचारला, तर त्याचं उत्तर न्यायालय देईल. अपघाताच्या आधी विचारला, तर उत्तर देणं तुमच्या हातात आहे. उद्या कारखान्यात गेल्यावर तो विचारा, एवढंच मागतो आणि थांबतो.